प्रकाशाच्या मापालाही शिक्का हवा

महामारीच्या दोन वर्षांत ज्या वस्तूंनी आपल्या घरांत कायमचे बिऱ्हाड केले, त्यांत बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरची गणना प्रथम करावी लागेल. २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम हाती घेतली, तेव्हा आशा सेविका आणि स्वयंसेवक हे लहानसे यंत्र घेऊन वाड्यावस्त्यांतून फिरले, आणि त्याच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यावरून कोणाला घरी ठेवावे व कोणाला तातडीने रुग्णालयात न्यावे, याचे निर्णय ठिकठिकाणी झाले. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने या यंत्राच्या विक्रीतील व्यापारी नफ्यावर मर्यादा घातली, म्हणजे त्याच्या किमतीची चिंता सरकारदरबारी वाहिली गेली. परंतु ते यंत्र जो आकडा सांगते तो कोणत्या कसोटीवर घासून पाहिलेला असतो, हा प्रश्न त्या धामधुमीत फारसा कोणी विचारला नाही. आता संकट ओसरले आहे, चित्त स्वस्थ आहे, आणि तो प्रश्न विचारण्यास हीच वेळ योग्य आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याला वाटेत एका साध्या, दुधट रंगाच्या द्रवापाशी थांबावे लागते. आणि त्या द्रवाला आपल्या देशात राजमान्य मापाचा दर्जा मिळाला पाहिजे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या तोंडावर तळहात धरला की हात आरक्त होऊन उजळतो, हे लहानपणी आपण सर्वांनी पाहिले आहे. मात्र प्रकाश हाताच्या आरपार येत असूनही आतील हाडांची आकृती दिसत नाही, या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हात लाल दिसतो, कारण रक्तातील हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेते व तांबड्याला पुष्कळसे मोकळे सोडते. हाडे दिसत नाहीत, कारण जो प्रकाश बाहेर पडतो तो सरळ रेषेत आलेलाच नसतो. पेशींची आवरणे, त्यांतील केंद्रके आणि तंतुकणिका, पेशींच्या भोवतीचे कोलॅजनचे धागे, या साऱ्यांचा प्रणमनांक सभोवतालच्या द्रवाहून किंचित भिन्न असल्यामुळे पावलोपावली किरणाला वळण मिळते. सामान्य ऊतकात अशी वळणे साधारणपणे मिलिमीटरच्या एकदशांश अंतरावर येत राहतात, आणि प्रत्येक वळण बहुधा पुढच्याच रोखाने असले तरी एखाद्या मिलिमीटरचा प्रवास झाल्यावर किरणाची मूळ दिशा जवळजवळ पुसली जाते. यालाच शास्त्रज्ञ प्रकीर्णन म्हणतात. सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी या दोहोंचेही शोषण मंद असल्याने तेवढा प्रकाश काही सेंटिमीटर खोल जाऊन परत येऊ शकतो. फ्रान्स जोब्सिस या संशोधकाने १९७७ मध्ये याच वाटेने मेंदूतील प्राणवायूची स्थिती कवटी न उघडता अजमावता येते असे दाखवले, आणि वैद्यकाला एक नवे दालन खुले झाले. पण आत जाऊन बाहेर आलेल्या त्या प्रकाशाने एकूण किती वाट तुडवली आणि त्या वाटेवर त्याचा किती अंश कोठे खर्ची पडला, हे जाणून घेतल्यावाचून त्याच्या क्षीणतेचा अर्थ लावता येत नाही.

या वाटचालीचे गणित ज्यांनी रचले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रुग्ण नव्हताच, ही या विषयाची एक मनोरम बाजू होय. गुस्ताव मी या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १९०८ मध्ये वर्तुळगोल कणावर आदळलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती विखुरतो याचे संपूर्ण उत्तर काढले, ते पाण्यात तरंगणाऱ्या सुवर्णकणांच्या रंगाचा उलगडा करण्यासाठी. चंद्रशेखर व्यंकट रामन १९२१ मध्ये विलायतेहून समुद्रमार्गे परतत असता भूमध्य समुद्राची निळाई पाहून अस्वस्थ झाले, ती आकाशाचे प्रतिबिंब नसून जलाच्या रेणूंनीच केलेले प्रकीर्णन आहे असे त्यांनी सिद्ध केले, आणि त्याच शोधाच्या मार्गाने पुढे १९२८ चा रामन परिणाम हाती आला. हेन्यी आणि ग्रीनस्टाइन यांनी १९४१ मध्ये प्रकीर्णनाची दिशा वर्णन करणारे जे सुटसुटीत सूत्र दिले, ते आकाशगंगेतील धुळीसाठी होते; आणि सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचा प्रारणाच्या संक्रमणावरील १९५० चा ग्रंथ ताऱ्यांच्या व ग्रहांच्या वातावरणासाठी लिहिलेला होता. आज नवजात अर्भकाच्या मस्तकावर प्रकाश टाकून आतील रक्ताची स्थिती पाहणारा अभियंता हेच सूत्र आणि हेच समीकरण वापरतो. समीकरण कागदावर सुटत नसेल तर तो संगणकावर लक्षावधी प्रकाशकण एकामागून एक सोडतो, प्रत्येकाचे पाऊल व वळण यदृच्छेने ठरवतो, प्रत्येक पावलागणिक त्याचा काही अंश शोषणाच्या नावे वजा करतो आणि अखेर किती प्रकाश कोठून बाहेर आला याचा हिशेब मांडतो. 'मोंटे कार्लो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची थरांच्या ऊतकासाठी रचलेली आज्ञावली लिहोंग वांग, स्टीव्हन जॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ती या क्षेत्रातील अभ्यासकांच्या नित्य उपयोगात आहे.

गणित एवढे सिद्ध असताना अडचण ती कोणती, असे कोणी विचारील. अडचण अशी की, शरीरातून परत आलेला प्रकाश उणा झाला म्हणजे तो आत शोषला गेला की भलत्याच दिशेला विखुरला, हे एका मोजमापावरून ठरवता येत नाही; शोषण आणि प्रकीर्णन यांच्या अनेक भिन्न जोड्या यंत्राच्या पडद्यावर एकच आकडा दाखवू शकतात. उलट दिशेने जाऊन आकड्यावरून अंतरंग ओळखायचे, तर ऊतक एकजिनसी आहे, त्याची कड सपाट आहे, प्रकाश आत पूर्णपणे मिसळून गेला आहे, अशी काही ना काही गृहीते धरावीच लागतात. आणि शरीर ही गृहीते निमूटपणे पाळीत नाही. शिवाय एकाच गृहीतावर उभी असलेली दोन गणिती प्रतिमाने परस्परांशी जुळली, तर त्यावरून बेरीज-वजाबाकी बिनचूक झाली एवढेच सिद्ध होते, गृहीत खरे होते हे सिद्ध होत नाही. प्रतिमानाची साक्ष प्रतिमानानेच काढणे हा जसा तर्कदोष आहे तसाच व्यवहारातही तो धोक्याचा आहे. म्हणून ज्याचे शोषण आणि ज्याचे प्रकीर्णन आधीपासून निश्चित ठाऊक आहे असा एखादा पदार्थ हाताशी असावा, यंत्र प्रथम त्यावर लावावे, आणि ते खरे बोलते की नाही हे पाहून मगच त्याला रुग्णाच्या बिछान्यापाशी न्यावे, हा मार्ग उरतो. अशा पदार्थाला प्रयोगशाळांत 'फँटम' म्हणतात.

घन फँटम राळेचे किंवा सिलिकोनचे करतात व ते वर्षानुवर्षे टिकतात. परंतु प्रमाण हवे तसे बदलता येणे ही द्रव फँटमची खुबी निराळीच आहे. या द्रवाचा मुख्य घटक प्रयोगशाळेने मुद्दाम घडवलेला नाही, तो रुग्णालयातूनच आला आहे. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी, ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही अशा रुग्णांच्या शिरेतून देण्यासाठी सोयाबीनचे तेल, अंड्यातील फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरॉल यांचे जे पायस सिद्ध केले, ते इंट्रालिपिड. त्यातील तेलाचे अतिसूक्ष्म गोलक प्रकाश उत्तम विखुरतात आणि शोषतात मात्र नगण्य. निर्मिती औषधाच्या काटेकोरपणाने होत असल्यामुळे बाटलीमागून बाटली जवळपास सारखीच निघते. १९९१ मध्ये व्हान स्टाव्हरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोलकांचे आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, त्या आकारांवरून मी यांच्या सिद्धांताने ४०० ते ११०० नॅनोमीटरपर्यंतचे प्रकीर्णन गणिताने काढले, आणि ते प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिले. १९०८ चे ते गणित अशा रीतीने औषधाच्या बाटलीत उतरले. या पायसात पाणी घालून प्रकीर्णन हवे तेवढे उतरवायचे आणि काजळीपासून बनवलेल्या काळ्या शाईचे मोजके थेंब टाकून शोषण हवे तेवढे चढवायचे, की स्नायूसारखा, स्तनाच्या ऊतकासारखा किंवा अर्भकाच्या मेंदूसारखा प्रकाश वागवणारा द्रव पात्रात तयार होतो.

हे वर्णन वाटते तितके सरळ नाही. इंट्रालिपिडमधील एकेक वळण मानवी ऊतकातील वळणापेक्षा अधिक रुंद कोनाचे असते. तेव्हा साम्य साधायचे ते एकेका वळणाचे नव्हे, तर अनेक वळणांती उरणाऱ्या एकूण परिणामाचे. पायस फार दाट ठेवल्यास गोलक इतके जवळ येतात की एकाचे प्रकीर्णन दुसऱ्यापासून स्वतंत्र राहत नाही आणि प्रमाणाचा सरळ हिशेब चुकू लागतो. शाईची तर प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी, आणि तिच्यातील काजळीचे कण केवळ शोषण न करता थोडे प्रकीर्णनही करतात, हेही हिशेबात धरावे लागते. बाटली एकदा उघडली की द्रव नासण्याची भीती असते. या सगळ्यांहून मूलगामी शंका अशी, की द्रवाचे गुणधर्मही अखेर कोणत्यातरी प्रतिमानाच्याच साहाय्याने काढायचे, तर ज्या चक्रातून सुटायचे त्याच चक्रात आपण पुन्हा अडकत नाही काय? या शंकेचे उत्तर फ्लोरेन्स विद्यापीठातील झाकांती, मार्तेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या चिकाटीने दिले, ती प्रशंसनीय आहे. द्रवात शाईची अथवा पायसाची ज्ञात मात्रा पायरीपायरीने वाढवीत जायची आणि प्रत्येक पायरीवर प्रकाशात पडणारा फरक टिपायचा, म्हणजे अज्ञात गुणधर्माचा आधार तराजूवर तोललेल्या वजनात शोधता येतो. पुढे २०१४ मध्ये सहा देशांतील नऊ प्रयोगशाळांनी एकाच साठ्यातील इंट्रालिपिड आणि शाई वाटून घेऊन, आपापल्या भिन्न यंत्रांनी व भिन्न पद्धतींनी त्यांचे मोजमाप केले. आणि त्या सर्वांचा मेळ घालून पायसाच्या प्रकीर्णनाचे मूल्य सुमारे १ टक्का, तर शाईच्या शोषणाचे मूल्य सुमारे २ टक्के अनिश्चिततेच्या आत निश्चित झाले. परस्परांहून भिन्न गृहीते धरणारे नऊ साक्षीदार एकच जबानी देतात तेव्हा ती जबानी ग्राह्य मानावी, हा न्याय विज्ञानालाही मान्य आहे.

आता पुन्हा बोटावरच्या यंत्राकडे वळू. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी जी युक्ती शोधली ती खरोखर प्रतिभेची होती: साधारण ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडायचे, नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारा त्यांचा अंश स्थिर अंशापासून वेगळा काढायचा, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून रक्तातील प्राणवायूची टक्केवारी सांगायची. सिद्धांताप्रमाणे या गुणोत्तरातून त्वचेचा रंग आपोआप गळून पडावयास हवा. परंतु प्रकाश बोटातून सरळ जात नसून विखुरत जातो, त्याची वाट दोन्ही तरंगलांबींना सारखी नसते, आणि आतील शोषण बदलले की वाटही बदलते. म्हणून निर्माते शुद्ध सूत्रावर विसंबत नाहीत, तर निरोगी स्वयंसेवकांना क्रमाक्रमाने कमी प्राणवायू देऊन, साधारण ७० टक्क्यांपर्यंत, त्यांच्या धमनीतील रक्ताशी यंत्राचा आकडा जुळवून घेतात. म्हणजे स्वयंसेवक कोण होते, यावर यंत्राचा खरेपणा अवलंबून राहिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत अशा किमान १० व्यक्तींपैकी २, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, गडद वर्णाच्या असाव्यात, एवढीच अपेक्षा होती. काळ्या वर्णाच्या रुग्णांत यंत्र चुकते असे एका अभ्यासाने १९९० मध्येच दाखवले होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. २०२० च्या डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मायकेल स्योडिंग आणि सहकाऱ्यांचा लेख आला, तेव्हा कोठे खळबळ उडाली: यंत्र ९२ ते ९६ टक्के असा दिलासा देत असताना धमनीतील रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी होता, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजमापांत आढळले, तर काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के मोजमापांत. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी प्रशासनाने चाचणीतील वर्णवैविध्य वाढवणारा नव्या मार्गदर्शिकेचा मसुदा काढला.

या हकीकतीतून आपण काय घ्यायचे? गव्हाळापासून घनश्यामापर्यंतच्या वर्णांची सारी श्रेणी ज्या देशात एकाच गावच्या बाजारात भेटते, त्या देशाने दुसऱ्यांच्या त्वचेवर जुळवलेले यंत्र परदेशी दाखल्याच्या बळावर निमूट स्वीकारावे, ही गोष्ट माझ्या मते शोभणारी नाही. सरकारी निविदांत पुष्कळदा अमेरिकी किंवा युरोपीय मान्यतेची अट असते. ती असू द्यावी, पण ती चौकशीचा शेवट मानली जाऊ नये.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की द्रवाला नाडी नाही आणि त्वचाही नाही, तेव्हा पात्रातील चाचणीवरून बोटाविषयी काय कळणार? आक्षेप रास्त आहे. ऑक्सिमीटरची अचूकता केवळ कृत्रिम साधनांवर सिद्ध करता येत नाही, मनुष्यावरील चाचणी अटळच आहे, हे आंतरराष्ट्रीय मानकही सांगते. परंतु आवश्यक आणि पर्याप्त यांतील भेद येथे विसरता कामा नये: ज्ञात द्रवावर जे यंत्र चुकते ते अज्ञात देहावर बरोबर येण्याचा संभव नाही, आणि आले तरी तो योगायोग समजावा. मेंदूतील व स्नायूंतील प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तर द्रवाची उपयुक्तता प्रत्यक्ष दिसून आली आहे. झुरिच येथील संशोधकांनी इंट्रालिपिडच्या द्रवात मानवी रक्त मिसळले, यीस्टच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू हळूहळू संपवला, आणि त्या एकाच पात्रावर निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे लावून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. द्रव एक असूनही यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. अशी विसंगती रुग्णाच्या देहावर कधीच उघडी पडली नसती, कारण एकाच क्षणी एकाच जागी सगळी यंत्रे लावून पाहण्याची आणि खरे उत्तर जाणण्याची सोय तेथे नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर असे, की सलाइनच्या खोलीत मिळणारे पायस, शाई, शुद्ध पाणी आणि एक चांगला तराजू यांचा खर्च ज्या राज्याला झेपत नाही, त्या राज्याने हजारोंच्या संख्येने यंत्रे खरेदी करण्याच्या भानगडीत पडूच नये.

बाजारातील किलोच्या वजनावर सरकारी शिक्का नसेल तर निरीक्षक व्यापाऱ्यास जाब विचारतो, कारण मापाचा खरेपणा ही खाजगी विश्वासाची बाब नसून राजसत्तेची जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. हेच तत्त्व पुढे नेऊन आपल्या वैधमापन नियमांनी ज्वर पाहण्याचा तापमापी आणि रक्तदाबमापी या वैद्यकीय साधनांचीही दखल घेतली. प्रकाशाने मोजणारी साधने त्याच पंक्तीत यावयास हवीत. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा देशाच्या मापांची रखवालदार आहे, आणि 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नावाने प्रमाणित पदार्थ उपलब्ध करून देण्याची व्यवस्थाही तिने घालून दिलेली आहे. त्या मालिकेत ज्ञात शोषणाचा व ज्ञात प्रकीर्णनाचा एक द्रव समाविष्ट करणे, आणि त्याच्या जोडीला भारतीय त्वचेतील मेलॅनिनची श्रेणी दाखवणारे पातळ थर प्रमाणित करणे, हे काम तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. प्रकाश आणि वैद्यक यांच्या सीमेवर काम करणारे जाणकार इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रापासून आपल्या अनेक विद्यापीठांपर्यंत आहेत. त्यांना एका मेजाभोवती बसवून, एकाच साठ्यातील द्रव वाटून देऊन, स्वतंत्रपणे मोजायला लावावे. त्या नऊ प्रयोगशाळांनी जे केले ते पुन्हा करण्यात कमीपणा नाही. प्रमाणाचा पाया अशाच पुनरावृत्तीने पक्का होतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मागणी याहूनही माफक आहे. राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने प्रकाशाधारित यंत्रांच्या प्रत्येक निविदेत दोन कलमे घालावीत: एक, यंत्राची चाचणी प्रमाणित द्रवावर झाली असल्याचा दस्तऐवज मूळ आकडेवारीसह सादर करावा, आणि दोन, मनुष्यावरील चाचणीत गडद वर्णाच्या व्यक्ती किती होत्या व त्यांच्यात यंत्राची चूक किती आली, हे स्वतंत्रपणे लिहून द्यावे. खरेदीनंतर जिल्हा रुग्णालयातील यंत्रांपैकी काही नमुने दरसाल काढून त्यांची फेरतपासणी करावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवावा. या कलमांसाठी नवा कायदा करावा लागत नाही. एक शासननिर्णय पुरेसा आहे, आणि तो पुढील खरेदीपूर्वी निघावा.